तेरड्याची गलोल

भाद्रपदात गौरी यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भाईंदर स्टेशनबाहेरच्या बाजारात एक चक्कर मारून पाहा. दूर्वा, आघाडा, केळीची पाने यांच्या ढिगांशेजारी गुलाबी-जांभळ्या फुलांच्या रोपांच्या जुड्या मांडलेल्या दिसतील. रोपे मुळांसकट उपटलेली असतात. हाच आपला तेरडा. कोकणात पुष्कळ घरी गौर म्हणून तेरड्याची रोपेच आणतात, त्यांना साडी नेसवतात, आणि रोपांची मुळे म्हणजे गौरीची पावले असे मानतात. तिसऱ्या दिवशी गौरीचे विसर्जन होते. तोवर फुलांनी माना टाकलेल्या असतात.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. जे फार काळ टिकत नाही, त्याच्याविषयी बोलताना ती वापरतात. म्हण खोटी नाही. पण ती फुलाच्या रंगापाशीच थांबते. रंग उतरल्यावर तेरड्याचे खरे काम सुरू होते, आणि ते काम पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. म्हणून या लेखात आपण फुलाकडे थोडे आणि फळाकडे जास्त पाहणार आहोत.

एका पावसाळ्याचे आयुष्य

तेरडा ही वर्षायू वनस्पती आहे. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की बी रुजते. श्रावणात रोप गुडघ्याएवढे होते आणि फुलू लागते. आश्विनात फळे पिकतात, आणि पावसाचे पाणी आटले की रोप वाळून जाते. आंबा किंवा वड एखाद्या वर्षी फळला नाही तरी त्याचे फारसे बिघडत नाही; पुढचे वर्ष असतेच. वर्षायू वनस्पतीला पुढचे वर्ष नसते. तिचे सारे भवितव्य त्या पावसाळ्यात तयार झालेल्या बियांत असते.

शास्त्रीय भाषेत तेरड्याला ‘इंपेशन्स बाल्समिना’ म्हणतात. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे नाव १७५३ साली प्रसिद्ध केले. ‘इंपेशन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ उतावळा, धीर नसलेला. या प्रजातीत हजाराहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी दोनशेहून अधिक भारतात आढळतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जाती सह्याद्रीखेरीज जगात इतरत्र कोठेही नाहीत. कासच्या पठारावर सप्टेंबरात गुलाबी गालिचा पसरणारा वीतभर उंचीचा ‘इंपेशन्स लॉआय’ हा तेरड्याचाच भाऊबंद. भीमाशंकर-महाबळेश्वरकडे दिसणारा पिवळ्या फुलांचा ‘इंपेशन्स डाल्झेली’ हाही त्यातलाच. जोसेफ हूकर हे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ १९११ साली वयाच्या ९४ व्या वर्षी वारले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी याच प्रजातीच्या अभ्यासात घालवली. हे काम चिकाटीचे होते, कारण तेरड्याचे फूल इतके नाजूक की कागदात दाबून वाळवले की त्याचा मूळ आकार ओळखू येत नाही.

त्या फुलाची रचना एकदा भिंगाखाली पाहून घ्या. मागच्या बाजूला एक बारीक, वाकडी नळी असते. तिच्यात मध असतो. पुढे पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून टोपीसारखे बसलेले असतात आणि त्या टोपीखाली कुक्षी झाकलेली असते. प्रथम फूल फक्त पराग देते. काही काळाने ती टोपी गळून पडते, कुक्षी उघडी होते, आणि तेच फूल आता दुसऱ्या फुलाचे पराग घेऊ शकते. रंगाच्या त्या दोन-तीन दिवसांत एवढे सगळे उरकावे लागते. मग पाकळ्या गळतात आणि अंडाशयाचे बोंड होऊ लागते.

बोंड फुटते तेव्हा

हे बोंड मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते असते. वरून बारीक लव असते. पिकलेले बोंड चिमटीत धरून हलकेच दाबा. बोटांना एकदम झटका बसतो. बोंडाची साल पाच पट्ट्यांत उकलून आतल्या बाजूला सुरळीसारखी वळलेली असते आणि बिया चहूकडे उडून गेलेल्या असतात. प्रजातीला ‘उतावळा’ हे नाव पडले ते यामुळेच. पहिल्यांदा असे झाले की लहान मूलच काय, मोठा माणूससुद्धा दचकतो.

आता प्रश्न असा, की हा झटका येतो कोठून? तेरड्याला स्नायू नाहीत. बोंडात दारू भरलेली नाही. काही झाडांच्या शेंगा उन्हात वाळून तडकतात. उन्हाळ्यात कांचनाच्या शेंगा तडकताना तुम्ही ऐकल्या असतील. पण तेरड्याचे बोंड फुटते ते हिरवे आणि रसरशीत असताना. त्याची शक्ती पाण्याची आहे.

वनस्पतीच्या पेशीत साखर, क्षार वगैरे विरघळलेले असतात. त्यामुळे परासरणाने पाणी आत शिरते आणि पेशी फुगू पाहते. पण तिच्याभोवतीची पेशीभित्तिका तिला आवरून धरते. त्यामुळे पेशीत जो दाब निर्माण होतो, तो कित्येकदा मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबापेक्षाही अधिक असतो. याच दाबामुळे कोवळी रोपे ताठ उभी राहतात. तेरड्याची जुडी तासाभरात मान टाकते, कारण मुळे उपटल्यावर पाणी तुटते आणि हा दाब कमी होतो.

बोंडाच्या सालीच्या प्रत्येक पट्टीला दोन थर असतात. बाहेरच्या थरातील पेशी पातळ भित्तिकांच्या आणि पाण्याने फुगलेल्या असतात. तो थर लांब होऊ पाहतो. आतला थर चिवट असतो. तो सहजासहजी लांबत नाही. तुम्ही द्विधातू पट्टीचा प्रयोग शिकला असाल. तापवल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. म्हणून पट्टी कमी प्रसरण पावणाऱ्या धातूच्या बाजूला वाकते. विजेची इस्त्री ठराविक तापमानाला बंद होते ती याच युक्तीने. तेरड्याची पट्टी तशीच आहे, फक्त तिथे उष्णतेचे काम पाणी करते. बाहेरचा थर लांब, आतला आखूड. म्हणून पट्टीला आत वळायचे असते.

मग ती आधीच का वळत नाही? कारण पाचही पट्ट्या कडांना एकमेकींशी सांधलेल्या असतात. वळू पाहणारी पट्टी सक्तीने सरळ धरून ठेवली की तिच्यात स्थितिस्थापक ऊर्जा साठते. बोंड पिकत जाते तसे हे सांधे कमजोर होतात. शेवटी वाऱ्याचा हेलकावा, पावसाचा टपोरा थेंब किंवा तुमचे बोट एवढे निमित्त पुरते. एक सांधा सुटतो आणि पाचही पट्ट्या एकदम वळतात.

गलोलीचे तत्त्व

नुसता हात वापरून आपण खडा फेकला तर तो बेताचाच जातो. गलोलीचे रबर मात्र आपण सावकाश ताणतो आणि एका क्षणात सोडतो. हाताने दिलेली ऊर्जा तेवढीच असते. पण ती फार थोड्या वेळात बाहेर पडते. ऊर्जेला वेळेने भागले की शक्ती मिळते. वेळ शंभर पटीने कमी केला तर शक्ती शंभर पट होते. तेरडा हेच करतो. कित्येक दिवस बोंडात ऊर्जा साठत असते आणि क्षणार्धात मोकळी होते.

हा क्षण केवढा? आपल्या तेरड्याची एक बहीण उत्तर अमेरिकेतील ओलसर रानांत वाढते. तिला नारिंगी फुले येतात. शास्त्रीय नाव ‘इंपेशन्स कॅपेन्सिस’. २००९ साली अमेरिकेतील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने तिच्या बोंडांचे चित्रण करून मोजमापे प्रसिद्ध केली. बोंड उकलायला सरासरी ४·२ मिलिसेकंद लागले. म्हणजे ही बोंडे एकामागून एक फुटत राहिली, तर एका सेकंदात सुमारे २४० फुटतील. बियांचा सुटतानाचा वेग सरासरी दर सेकंदाला १·२४ मीटर भरला. थांबलेल्या बीला ४·२ मिलिसेकंदांत हा वेग येतो असे धरले, तर तिचा त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे तीस पट येतो. गणित करून पडताळून पाहा.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पट्ट्यांत साठलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम अर्धा टक्का ऊर्जा बियांच्या वाट्याला येते! उरलेली पट्ट्यांच्या स्वतःच्या वळण्यात, त्यांच्या थरथरण्यात आणि शेवटी उष्णतेत जाते. एखाद्या अभियंत्याने असे यंत्र बनवले तर त्याला कोणी शाबासकी देणार नाही. पण तेरड्याच्या दृष्टीने पाहा. यंत्राला वेगळे इंधन लागत नाही. बी झाकण्यासाठी साल हवीच होती. तीच गलोल झाली.

पंचेचाळीस अंशांचे कोडे

आता जरा गणिताकडे वळू. सर्वांत लांब फेकायचे असेल तर वस्तू क्षितिजाशी ४५ अंशांच्या कोनात फेकावी, असे आपण शिकतो. त्या अमेरिकन तेरड्याच्या बिया मात्र सरासरी १७ अंशांच्या आसपास सुटतात. निसर्ग इथे चुकला का?

चूक आपली आहे. ४५ अंशांचा नियम फेकण्याची जागा आणि पडण्याची जागा एकाच पातळीवर असतील तेव्हाच लागू पडतो. बोंड जमिनीवर नसते. ते झाडावर असते. समजा ते ४० सेंटिमीटर उंचीवर आहे आणि बी १·२४ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. हवेचा विरोध सोडून देऊ. वेगवेगळ्या कोनांसाठी बीचा पल्ला काढला तर असे आकडे येतात:

० अंश (आडवी) : सुमारे ३५ सेंटिमीटर
१७ अंश : सुमारे ३९ सेंटिमीटर
२२ अंश : सुमारे ३९ सेंटिमीटर
४५ अंश : सुमारे ३४ सेंटिमीटर
६० अंश : सुमारे २६ सेंटिमीटर

४५ अंशांत फेकलेली बी आडव्या फेकलेल्या बीपेक्षाही किंचित मागे पडते! वेग कमी आणि उंची बऱ्यापैकी असेल, तर वर चढण्यात वेग घालवणे परवडत नाही. या उदाहरणात सर्वोत्तम कोन २२ अंश येतो, आणि १७ अंशांना पल्ला जवळपास तितकाच आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा सर्वोत्तम कोन स्वतः काढून पाहावा. हेच बोंड जमिनीवर ठेवून फोडले, तर ४५ अंशांनाही बी १६ सेंटिमीटरच जाईल. बियांसाठी उंची किती मोलाची आहे ते यावरून कळते.

अर्थात हे सरासरी वेगाचे गणित झाले. सगळ्याच बिया सारख्या सुटत नाहीत. काही पायाशीच पडतात, तर काहींचा वेग सरासरीहून बराच अधिक असतो आणि त्या दीड मीटरपर्यंतही जातात.

करून पाहा

हे आकडे अमेरिकन तेरड्याचे आहेत. आपल्या तेरड्याचे आकडे तुम्हीच काढा. त्यासाठी डोंगरावर जायची गरज नाही. राष्ट्रीय उद्यानातून तर काहीही तोडणे कायद्याने मना आहे. कुंडीत लावतात तो तेरडा याच जातीचा असतो.

पहिला प्रयोग : ८० सेंटिमीटर उंचीच्या टेबलाच्या कडेशी पिकलेले बोंड चिमट्याने फोडा. खाली जमिनीवर ओली चादर पसरून ठेवा, म्हणजे बिया पडतील तिथेच राहतील. टेबलाच्या कडेपासून प्रत्येक बीचे अंतर मोजा. ८० सेंटिमीटर खाली पडायला सुमारे ०·४ सेकंद लागतो. एखादी बी ८० सेंटिमीटर दूर पडली आणि ती आडवी सुटली असे मानले, तर तिचा वेग दर सेकंदाला २ मीटर. दहा बोंडे फोडून अंतरांचा स्तंभालेख काढा.

दुसरा प्रयोग : एकाच झाडाची दहा पिकली बोंडे घ्या. पाच ओल्या फडक्यात ठेवा, पाच उन्हात तीन-चार तास सुकू द्या. मग सगळी फोडा. सुकलेल्या बोंडांचा जोर कमी झाला का? झाला असेल तर त्याचा अर्थ काय, ते वर्गात सांगा.

तिसरा प्रयोग बोंडे नसतानाही करता येईल. पातळ कागदाच्या पट्टीच्या एका बाजूला पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि दुसरी बाजू ओली करा. ओला कागद प्रसरण पावतो, चिकटपट्टी पावत नाही, आणि पट्टी वळते. कोणत्या बाजूला वळते ते पाहा. ती नीट वळली नाही, तर कागद आडवा कापून पुन्हा करा. कागदातील तंतूंच्या दिशेनुसार फरक पडतो. ही तुमची कागदी तेरड्याची पट्टी.

हिमालयातला थोरला भाऊ

हिमालयात देवदार आणि फर या सूचिपर्णी वृक्षांच्या रानांच्या कडेने, ओढ्यांच्या काठाने एक उंच तेरडा वाढतो. त्याचे नाव ‘इंपेशन्स ग्लँड्युलिफेरा’. तोही वर्षायू, पण एका मोसमात दोन मीटरांहून उंच होतो. एका झाडाला आठशेपर्यंत बिया येतात आणि त्या सात मीटरपर्यंत उडतात असे सांगतात. एवढ्या उंचीवरून बी सोडण्याचा फायदा काय, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

१८३९ साली हे झाड शोभेसाठी इंग्लंडला नेले. बागेतून ते निसटले आणि नदीकाठी पोहोचले. मग नद्यांनी त्याच्या बिया दूरदूर वाहून नेल्या. आज युरोपातील पुष्कळ नद्यांच्या काठी त्याने स्थानिक रोपांना हुसकावून लावले आहे. हिवाळ्यात ते मरते आणि काठ उघडे पडून माती वाहून जाते. त्याला आवर घालण्यासाठी २०१४ साली इंग्लंडमध्ये हिमालयातीलच एक तांबेरा बुरशी मुद्दाम सोडण्यात आली. आपल्या घरी जे झाड बेताने राहते, ते परक्या मुलखात असे माजू शकते. कारण घरी त्याला काबूत ठेवणारे त्याचे शत्रू तिथे त्याच्याबरोबर गेलेले नसतात.

पण यात ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की हा प्रवास गलोलीने घडवला नाही. तो माणसाने आणि नद्यांनी घडवला.

दीड मीटरचा हिशोब

आता आपल्याकडे परत येऊ. काशीमिऱ्याहून ठाण्याकडे जाणाऱ्या घोडबंदर रस्त्याच्या एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, दुसऱ्या बाजूला खाडी. ऑगस्ट-सप्टेंबरात डोंगराच्या उतारांवर तेरडा फुलतो. मीरा-भाईंदरची २००२ साली महानगरपालिका झाली. वस्ती वाढली, इमारती वाढल्या, रस्ते रुंद झाले.

समजा एखाद्या उतारावरचा तेरडा संपूर्ण नाहीसा झाला. उतार खणला गेला किंवा त्यावर भराव पडला. पुढे कधी तो उतार पुन्हा मोकळा झाला, तर तेरडा आपला आपण परत येईल का? शेजारच्या झाडाची सर्वांत दूर जाणारी बी वर्षाला दीड मीटर पुढे पडते असे धरा. ती रुजली, वाढली, तिला बोंडे आली, की पुढच्या वर्षी आणखी दीड मीटर. दीडशे मीटर अंतर काटायला शंभर वर्षे! पावसाचा लोंढा बिया भरभर नेतो खरा, पण तो उताराच्या दिशेने, खाली. वर चढायला तेरड्यापाशी या गलोलीखेरीज फारसे साधन नाही. आणि वाटेत डांबरी रस्ता असेल तर हिशोब तिथेच थांबतो. डांबरावर पडलेली बी रुजत नाही, मग पुढची गलोल कोण चालवणार?

गौरीसाठी तेरडा आणणे चूक आहे, असे यावरून कोणी समजू नये. दुसरा एक हिशोब पाहा. एका रोपाला समजा दोनशे बिया आल्या. रोपांची संख्या पुढच्या वर्षी तेवढीच राहायला त्या दोनशेतील एकच बी तगली तरी पुरे. त्यामुळे प्रत्येक जागी निम्मी रोपे तशीच राहू दिली, तर उरलेल्यांच्या दोन-दोन बिया तगल्या की तूट भरून निघते. डोंगरउतारांवरून जुड्या आणणाऱ्या बायकांना पुढच्या वर्षीही तेरडा हवाच असतो. मात्र एकाच जागेवरचा सगळा तेरडा बोंडे पिकण्याआधी उपटला, तर दुसऱ्या बाजूने भरपाई यायला किती वर्षे लागतील, ते आपण आत्ताच काढले.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या आवारात एका कोपऱ्यात तेरड्याचे चार वाफे करावेत. पुढच्या वर्षी रोपे वाफ्याबाहेर कोठपर्यंत आली, ते मुलांकडून टेपने मोजून घ्यावे आणि वहीत लिहून ठेवावे. दरवर्षी नव्या वर्गाने तीच वही पुढे चालवावी. पाच-सहा वर्षांत शाळेपाशी स्वतःचे आकडे जमतील. गौरीसाठी लागणाऱ्या काही जुड्याही त्या वाफ्यांतून निघतील.

आणि पुढच्या खेपेला कोणी ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणाले, तर त्याला आश्विनात पुन्हा यायला सांगा. त्याच्या हातावर एक पिकलेले बोंड ठेवा, आणि ते हलकेच दाबायला सांगा.